कादंबरीपासून कपाशीच्या पुस्तकापर्यंत: एकाच माणसानं सगळ्यांवर लिहावं का?

प्रश्न: दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं मी संध्याकाळी बसते. कादंबऱ्या पुष्कळ वाचते आणि त्यांवर चार ओळी लिहून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकते. आता तालुक्याच्या साप्ताहिकानं दर आठवड्याला पुस्तकावर सदर लिहायला सांगितलंय. अट एवढीच की सगळ्या प्रकारची पुस्तकं घ्यायची: कविता, आत्मचरित्र, शेती, इतिहास, नाटक, स्पर्धा परीक्षा, पोथ्यासुद्धा. माझं बी. ए. मराठीतलं, बाकी विषयांचा गंध नाही. एकाच माणसानं एवढ्यांवर लिहावं का? आणि ओळखीच्या कवीचं पुस्तक आलं तर काय करायचं?

उत्तर: लिहा ताई, खुशाल लिहा. फक्त आपल्याला सगळ्या विषयांतलं सगळं कळायला हवं, ही धास्ती आधी सोडा. तसं कळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांतून लिहिणाऱ्यांनाही ते कळत नाही. त्यांच्याजवळ मोठी संदर्भ ग्रंथालयं असतात, हाकेच्या अंतरावर प्राध्यापक असतात, नवं पुस्तक त्याच आठवड्यात हाती पडतं. आपल्याकडे यातलं काही नाही. पण पुस्तक ज्या विषयाचं आहे तो विषय रोज जगणारा माणूस आपल्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो, हे आपलं भांडवल. बोंडअळीवरचं पुस्तक आलं तर ज्याच्या शेतात अळीनं बोंडं पोखरली तो संध्याकाळी पारावर भेटतो. बाळंतपणावरचं आलं तर आशाताई आहेत. जंगलावरचं आलं तर तेंदूपत्ता तोडायला जाणारी घरं आहेत. पुस्तक वाचून झालं की लिहायच्या आधी ते कोणाच्या हातात द्यायचं हे ज्याला कळतं, त्यानं सगळ्या प्रकारांवर लिहायला काही हरकत नाही. माझं सदर इतकी वर्षं चाललं ते याच बळावर.

दुसरी गोष्ट मापाची. बाजार समितीत माल पाहणारा माणूस कापसाच्या गाडीपाशी गेला की चिमूटभर कापूस घेऊन धागा ओढून पाहतो, हात घालून ओल पाहतो. तोच तुरीच्या ढिगापाशी गेला की दाणा दाताखाली फोडतो. तुरीचा धागा ओढत बसत नाही. तुम्ही आजवर कादंबऱ्या वाचल्या, त्यामुळे 'कथानक पकड घेतं का, पात्रं जिवंत वाटतात का' हे एकच माप हातात बसलं असणार. ते इतिहासाच्या पुस्तकाला लावलं की घोटाळा होतो. गोष्टीसारखा रंगवून सांगितलेला खोटा इतिहास त्या मापात पास होतो आणि कागदपत्रं नीट तपासून लिहिलेला रुक्ष इतिहास नापास. म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी विचारायचं: हे पुस्तक कोणासाठी आहे आणि काय करू म्हणतंय? ते त्यानं केलं का, हे त्यानंतर.

याचं अर्धं उत्तर मुखपृष्ठाच्या आतल्या त्या बारीक अक्षरांच्या पानावर असतं. लोक ते पान उलटून पुढं जातात, तुम्ही सुरुवातच तिथून करा. पहिली आवृत्ती कधीची, हातातली कितवी, 'सुधारित' लिहिलंय का नुसतं पुनर्मुद्रण, प्रकाशक कुठला, किंमत काय, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा. अनुवादकाचं नाव न देता लिहिलेलं परीक्षण मी वाचतच नाही. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ प्रस्तावना म्हणजे समारंभाच्या अध्यक्षांची भाषणं असतात. त्या आधी वाचल्या तर त्यांचीच वाक्यं नकळत आपल्या लेखात उतरतात. आणि वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिलीची रेघही ओढायची नाही. रद्दीचा कागद फाडून चिठ्ठ्या घाला, चिठ्ठीवर पान क्रमांक आणि दोन शब्द. लिहायला बसताना ज्या पानावर चिठ्ठ्यांची दाटी दिसते, लेख तिथून सुरू होतो.

कादंबरीचं तुम्हाला मी काय सांगावं? दोनच सूचना. कथानक पहिल्या तृतीयांशाच्या पुढं सांगू नका. गावात एका पुस्तकाची एकच प्रत असते, वाचायला रांग असते, आणि शेवट फोडला तर रांगेतले लोक तुम्हाला रस्त्यात गाठतात. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याविषयी लिहायचं तर शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याच्या घरातली रोजची कुरबुर एवढं सांगितलं की पुरे. गावातल्या प्रत्येक घरचा कर्ता पुढचं ओळखतो आणि तरी वाचायला नेतो.

दुसरी सूचना बोलीची. शहरातला परीक्षक आपल्याकडची कुठलीही कादंबरी घेतली की 'ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर' असं लिहून मोकळा होतो. तुम्ही तसं लिहिलं तर तुमचं इथं राहणं वाया गेलं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले संवाद वऱ्हाडीत आहेत, कादंबरी १९६० ची. ती वऱ्हाडी अमरावतीकडची. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पुस्तकात झाडीबोली येते आणि तिचा सूर वेगळा. दोन्ही तुमच्या कानाला लगेच वेगळ्या लागतील. संवाद मोठ्यानं वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. 'धग'मधल्या कौतिकचं एखादं वाक्य ऐकून आजी न थांबता पुढचं वाक्य स्वतःच बोलली, तर बोली कशी साधली आहे ते तुम्हाला कळलं. आणि बोली फक्त भांडणात अन् शिवीत वापरली असेल, पात्र विचार करायला लागलं की प्रमाण मराठीत शिरत असेल, तर तेही लिहा. हे बारकावे पुण्याहून दिसत नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक खोड असते, मलाही आहे. ऋतू तपासायचा. एका कादंबरीत भाद्रपदात कापूस वेचणी चालली होती. ते पान मी वेचणीला जाणाऱ्या एका आजींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हा लेखक कधी येचाले गेलता काय?" जूनमध्ये लावलेली कपाशी दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटते, सोयाबीन त्याआधी निघतं, मोहफूल मार्च-एप्रिलात पडतं. कादंबरीत हे उलटसुलट झालं की आपण हसतो. हसावं, एका ओळीत नोंदवावं आणि पुढं जावं. महिना चुकलेली चांगली कादंबरी असते आणि सगळे महिने बरोबर असलेली टाकाऊही असते. ही चूक पकडण्याच्या आनंदात अख्खा लेख घालवू नका.

आता कविता, आणि तुमचा तो ओळखीच्या कवीचा प्रश्न. खरं सांगायचं तर या सदरात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास इथंच होणार आहे. आपल्या प्रत्येक तालुक्यात कवी आहेत, आणि बरेचसे स्वतःच्या पैशानं संग्रह काढतात. त्यात शिक्षक आहेत, तलाठी आहेत, शेतकरी आहेत, अलीकडे बचत गटातल्या बायाही आहेत. प्रकाशनाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी कवी चहाच्या टपरीवर तुमच्या हातात प्रत देऊन म्हणतो, "ताई, दोन शब्द लिहा ना." नाही म्हणावं तर रोजची गाठ. हो म्हणून खोटं लिहावं तर वाचक दुसऱ्या वेळी विश्वास ठेवत नाही. सदराचं भांडवल म्हणजे हा विश्वासच, बाकी मानधन किती असतं ते तुम्हाला कळेलच.

मी काय करतो ते सांगतो. प्रत घेताना तिथंच सांगायचं की वाचीन, पण लिहीनच असं नाही. मग अख्खा संग्रह वाचायचा, दोनदा, त्यातलं एकदा मोठ्यानं. बहुतेक संग्रहांत दोन-तीन कविता खऱ्या असतात. माणूस पोज सोडून स्वतःच्या अंगणाकडे पाहतो तिथं त्या सापडतात. त्या दोन-तीन सापडल्या तर लेख त्यांच्यावर लिहायचा. कडवं पूर्ण द्यायचं. ओळ तोडून दिली की साधी ओळही भारी वाटते आणि भारी ओळ साधी. बाकी साठ कविता का जमल्या नाहीत हे एका परिच्छेदात, कारणासकट. 'काही कविता कमकुवत आहेत' हे कारण नव्हे. 'आईवरच्या कवितेत आई काय करते ते कुठंच दिसत नाही, फक्त ती थोर आहे एवढं दहा वेळा सांगितलंय' हे कारण. कवी रागावतो, पण पुढच्या वेळी आईच्या हातात विळा देतो. आणि दोन-तीनही सापडल्या नाहीत तर लिहायचंच नाही. कवीला घरी गाठून, चहा घेत, काय वाटलं ते तोंडानं सांगायचं. छापून झोडपण्यासारखा गुन्हा त्यानं केलेला नसतो. स्वतःच्या पैशानं तीनशे प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या, एवढंच. झोडपायचं असेल तर ज्यांच्या जाहिराती होतात, ज्यांना पुरस्कार मिळतात, त्यांना झोडपा.

लेखाच्या शेवटी एक ओळ टाकायची: 'प्रस्तुत कवी आणि मी एकाच शाळेत नोकरीला होतो, प्रत त्यांनी दिली.' सुरुवातीला ही ओळ लिहायला अवघड जाईल. पण गावात सगळ्यांना ते ठाऊकच असतं. तुम्ही लपवलं तर ते बोलतात, तुम्हीच सांगितलं तर गप्प बसतात.

आणि 'हृदयस्पर्शी', 'संग्राह्य', 'वाचनीय', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' ही मंडळी सदरात येऊ देऊ नका. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला लागतात, म्हणजे कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत.

कवितेच्या प्रकारानुसार तंत्र पाहायला शिका, ते अवघड नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. बोटांवर मोजता येतं. गझल म्हटलं असेल तर मतला (दोन्ही ओळींत यमक असलेला पहिला शेर) आहे का, काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द) शेवटपर्यंत सांभाळलेत का, वृत्त मोडतं का, आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहतो का, हे तपासा. अमरावतीच्या सुरेश भटांनी नव्या कवींसाठी गझलेची बाराखडी लिहून ठेवली आहे. ती पंधरा मिनिटांत वाचून होते, आणि तरी आपल्याकडे निम्म्या 'गझला' म्हणजे दोन-दोन ओळींत मोडलेली गाणी असतात. मात्र मुक्तछंदाच्या कवितेला हे माप लावायला जाऊ नका.

शेतीच्या पुस्तकावर लिहिताना तुम्ही सगळ्यात सावध राहा, कारण चुकीची कादंबरी वाचली तर एक रात्र जाते, चुकीचं शेतीचं पुस्तक वाचून हंगाम जातो. कधी जीवही जातो. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर मी कुठल्याही पीक-संरक्षणाच्या पुस्तकात आधी फवारणीचं प्रकरण उघडतो. दोन-तीन औषधं एकत्र करून मारा असं बिनधास्त लिहिलंय का? हातमोजे, तोंडावर कापड, वाऱ्याची दिशा, उभ्या वाढलेल्या कपाशीत नोझल तोंडापर्यंत येतं त्याचं काय, हे आहे का? डब्यावरचा रंगीत त्रिकोण समजावून सांगितलाय का, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा? हे नसेल तर बाकी पुस्तक कितीही देखणं असो, मी 'घेऊ नका' असं स्पष्ट लिहितो.

मग साल पाहायचं. देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. त्याआधीचं कपाशीचं पुस्तक आता इतिहास म्हणून वाचायचं. त्यानंतरचीही सगळी सारखी नाहीत, कारण पुढं गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. 'बीटी लावली की बोंडअळीची चिंता नाही' असं म्हणणारं पुस्तक कपाटात अजून असतं आणि देवघेव नोंदवहीत त्याची नोंद दर मे महिन्यात दिसते. नव्या पुस्तकात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) असायला हवेत, आणि फरदड, म्हणजे तीच कपाशी ठेवून पुन्हा बोंडं, घेऊ नका हे ठळक असायला हवं, कारण जानेवारीनंतर शेतात ठेवलेल्या कपाशीवर अळी पोसली जाते. असे मुद्दे तुम्हाला माझ्याकडून पाठ करायचे नाहीत. पुस्तक घेऊन कृषी सहायकाकडे जा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशी मागा, दोन्ही समोरासमोर ठेवा. त्यानंतर ज्याची वीस एकर आहे आणि ज्याची कोरडवाहू दोन एकर आहे, अशा दोघांना दाखवा. ठिबकाच्या भरवशावर लिहिलेलं पुस्तक पहिल्याला आवडेल, दुसरा म्हणेल, "यात आपल्या कामाचं काय हाये?" दोघांचं म्हणणं लेखात यायला हवं. शेतीच्या पुस्तकाचं असं परीक्षण मी पुरवण्यांतून क्वचितच पाहिलंय, कारण ते एकट्यानं खोलीत बसून लिहिता येत नाही.

आरोग्याच्या पुस्तकांचं तसंच, थोडं वेगळं. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे एका डॉक्टरनं स्वतःच्या आजारपणावर लिहिलेलं पुस्तक आहे. त्यात अनुभव आहे आणि वैद्यकही. अशा पुस्तकावर लिहिताना 'त्यांनी असं केलं' आणि 'तुम्हीही करा' यांत फरक ठेवा. वाचक तुमचा लेख वाचून गोळ्या बंद करत नाही ना, हे पाहणं तुमच्याकडे आहे.

आत्मचरित्रात काय सांगितलंय त्यापेक्षा काय गाळलंय हे पाहत जावं. नोकरी, पुरस्कार, परदेशवारी सगळं तारीखवार असतं आणि बायको तीन पानांत आटोपते, असं झालं की समजा. पण आपल्या भागातल्या माणसाचं आत्मकथन असेल तर एक पथ्य पाळा. त्यातली माणसं, नाव बदललेली असली तरी, आपल्याला ओळखू येतात. 'हा दुकानदार म्हणजे अमुक' हे तुम्ही छापायचं नाही, कितीही खात्री असली तरी. लेखकानं नाव झाकलं ते त्याच्या जबाबदारीवर. तुम्ही उघडलं तर ते तुमच्या. जातीचे चटके सोसलेल्या माणसाच्या पुस्तकाबाबत तर दुप्पट काळजी घ्या. ज्यांच्या अंगणात तो पाणी प्यायला उभा राहिला ती घरं अजून गावात आहेत, आणि तुमचा लेख तेही वाचतात. म्हणून लेख बोथट करा असं मी म्हणत नाही. प्रसंग त्याच्या शब्दांत, पूर्ण द्या. आपल्या शब्दांत सौम्य करून सांगितला तर तो अन्याय पुन्हा होतो.

स्थानिक इतिहासाची पुस्तकं अलीकडे भरपूर येतात: गावाचा इतिहास, घराण्याचा, देवस्थानाचा. तपासायला एक सोपी जागा देतो. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत ही सुरुवातीपासून एकच गोष्ट होती असं समजून लिहिलेलं पुस्तक दिसलं की सावध व्हा. वऱ्हाड निजामाचं, १८५३ च्या करारानं इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, आणि मध्य प्रांताला जोडलं गेलं ते थेट १९०३ मध्ये. तुमचा यवतमाळ जिल्हासुद्धा १९०५ पर्यंत कागदोपत्री वणीच्या नावानं होता. ज्या लेखकाला हे ठाऊक आहे त्यानं दप्तर पाहिलंय. ज्याला नाही, त्यानं एकमेकांच्या पुस्तिका उतरवल्यात. बाकी दंतकथा म्हणून सांगितलेल्या दंतकथेवर माझा आक्षेप नाही, ती चवीनं वाचावी.

नाटक छापील वाचायची सवय आपल्याला नसते, म्हणून कंसातल्या सूचना आपण उड्या मारत वाचतो. महेश एलकुंचवार आपल्याच जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. नुसते संवाद वाचले तर तो ट्रॅक्टर डोळ्यांसमोर राहत नाही, आणि तो राहिला नाही तर ते घर कळत नाही. चार जण गोळा करा, पात्रं वाटून घ्या, वाचनालयाच्याच खोलीत वाचा, मग लिहा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं मात्र याच्या उलट. भाऊबीजेनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरतात, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, हजारो माणसं तिकीट काढून बघतात, आणि पुष्कळ संहिता पुस्तक म्हणून कधी छापल्याच जात नाहीत. त्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना हे जग आहे असं कळलं. जमलं तर एखादा हिवाळा तिकडं जा आणि नाटकावरच लिहा. पुस्तक नाही म्हणून सदरात बसत नाही, असं संपादक म्हणाले तर त्यांच्याशी भांडा.

पोथ्यांबद्दल तुम्ही बिचकत विचारलंय. श्रद्धेचं परीक्षण करायचं नसतं, आवृत्तीचं करायचं असतं. 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय सगळ्यांना ठाऊक, पारायणं होतात, त्यावर आपण काय मत देणार? पण बाजारात आलेली नवी प्रत सार्थ आहे का, अर्थ कोणी लिहिला, ओव्या गाळल्यात का, अक्षर सत्तरीच्या डोळ्यांना दिसेल का, बांधणी रोजच्या वाचनाला टिकेल का, यावर चारशे शब्द सहज लिहून होतात आणि लोक ते कापून ठेवतात. 'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथाला हे अधिक लागू. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, पुढं हस्तलिखितांत पाठ बदलत गेले. वि. भि. कोलत्यांची संपादित आवृत्ती आली ती १९७८ मध्ये, आणि तिच्यावर वादही झाला. कुठली आवृत्ती हातात आहे हे न सांगता 'लीळाचरित्र वाचलं' असं लिहिण्याला अर्थ नाही.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना नाक मुरडू नका. वाचनालयात पोरं सगळ्यात जास्त तीच वाचतात, आणि त्यांवर प्रामाणिक चार ओळी लिहिणारं कोणी नाही. इथं भाषा, शैली काही पाहायचं नाही. अभ्यासक्रम कुठल्या वर्षाचा ते पाहायचं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. जुन्या बहुपर्यायी प्रश्नांचे गठ्ठे नवं मुखपृष्ठ लावून विकले जातात, सहाशे-सातशे रुपयांना. मजुरीच्या पैशातून घेतलेलं असं पुस्तक वाया गेलं की पोरगं महिनाभर उठत नाही. मागच्या वर्षी परीक्षा दिलेल्या दोघांना समोर बसवा, उत्तरं चुकलेली पानं तेच काढून देतील.

मुलांच्या पुस्तकांचं एका वाक्यात: मुलांच्या हाती द्या आणि कुठल्या पानावर ती उठून पळतात ते पाहा. यशाची गुरुकिल्ली छाप पुस्तकांवर वर्षातून एकदा लिहिलं तरी चालेल, ती एकमेकांसारखीच असतात.

लेख किती मोठा? साप्ताहिकात साडेतीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. पहिल्या परिच्छेदात पुस्तक काय आहे, कोणासाठी आहे, हे कळायला हवं, कारण निम्मे वाचक तिथंच थांबतात. पुस्तकातला एक तुकडा द्या, तुम्हाला न आवडलेली एक गोष्ट द्या. ज्याला दाखवलं त्याचं म्हणणं 'एक शेतकरी म्हणाले', 'एक आशा कार्यकर्ती म्हणाल्या' असं द्या, नाव त्यांनी सांगू दिलं तरच. शेवटी किंमत, पानं, प्रकाशक, आणि आपल्या वाचनालयात आहे की नाही. ही शेवटची ओळ लोक सगळ्यात आधी वाचतात. एकाच प्रकाराची पुस्तकं लागोपाठ घेऊ नका. दोन आठवडे कविता झाली की शेतीवाला वाचक पान उलटतो, मग परत येत नाही.

पुस्तकं मिळवायची म्हणाल, तर सुरुवातीला विकत घेऊ नका. तुमचं कपाट, तालुक्याचं कपाट, यवतमाळचं जिल्हा ग्रंथालय, आणि वर्षातून एकदा भरणारा जिल्हा ग्रंथोत्सव, एवढ्यावर वर्ष निघतं. जुन्या पुस्तकावर लिहायला बंदी नाही. धूळ खात पडलेलं पुस्तक लेखानंतर आठवड्याभरात घरोघर फिरायला लागतं, हे देवघेव नोंदवहीत दिसेल. छापून आलेले लेख कापून प्रकाशकांना पाठवत राहा, पाच-सहा गेले की काही जण प्रती पाठवायला लागतात. त्या प्रती वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत चढवा, घरी ठेवू नका.

पहिला लेख कादंबरीवर घ्यायचा मोह होईल. तो दुसऱ्या आठवड्याला घ्या. सदर मे महिन्यात सुरू होत असेल तर पहिलं पुस्तक कपाशीचं घ्या, आणि लेख पेरणीच्या आधी छापून येईल असं संपादकांकडून कबूल करून घ्या. मृग लागल्यावर पेपर कोणी उघडत नाही.